एका चिऱ्याची जागा

रिवणला गडगा रचायला पुनो वेळीप आला
तेव्हा कार्तिक लागला होता.
पहाटे सड्यावरच्या गवतात
हातरुमालाएवढी वस्त्रं कुणी वाळत घातलेली,
दव असेतो दिसणारी,
नऊ वाजले की नाहीशी.

एक होतं गडग्यातच,
जिथले दोन चिरे ढासळले होते तिथे.
पुढे पसरट चादर, मागे निमुळती होत
भोकात शिरलेली,
घासलेटाचं नरसाळं आडवं ठेवावं तशी.
आणि नळीच्या तोंडाशी
पुढचे दोन पाय उंबऱ्याबाहेर टेकून ती.

चिकटेल हाताला, मी म्हटलं.
पुनोनं करंगळी ठेवून दाखवलं:
‘चिकटना गो, बाय.’

गोंद नाहीच हिच्या जाळ्याला.
सगळा भरवसा पायांवर.
नाकतोडा पडतो, धाग्यांत अडखळतो,
आणि अडखळण्याएवढा वेळ तिला पुरतो.
मी घड्याळ घेऊन बसले दोन दुपारी.
बटण दाबेस्तोवर ती आत गेलेली असे,
ओझ्यासकट.

डोळे आठ, तरी तळपायांनीच ऐकते बहुतेक.
खाणीचा ट्रक खालच्या रस्त्यानं गेला की गडप.
काजूचं वाळलेलं पान पडलं तर
जागची हलतही नाही.

तिसऱ्या दिवशी एक सडपातळ पाहुणा आला,
चादरीच्या काठावर थांबला
आणि ठोकू लागला.
दोन ठोके. थांबणं. पुन्हा दोन.
मी खाणं नव्हे, एवढंच सांगायला
त्याला अर्धा तास लागला.
मग तिनं पाय आखडून घेतले,
मेल्यासारखी पडली,
आणि मला उगाच वाटलं,
आपण भाजी चिरायला जावं.

शनिवारी गडगा पुरा झाला.
मापाला गेले तर मधोमध भोक तसंच,
शेजारी गवतात एक चिरा उरलेला.
हा राहिला की रे?
पुनो हात धूत होता.
‘थंय तिचें घर न्हय?’
मजुरी मीटरमागे ठरलेली.
त्यानं भोकही मापात धरलं.
मी दिले पैसे.

पौषात चादर फाटली, कुणी शिवली नाही.
बॅटरी मारून पाहिलं:
नळीच्या तळाशी पांढरी पुडी,
तिच्यावर पाय पसरून ती,
हलकी, कोरडी,
फुंकर घातली असती तर उडाली असती.

घातली नाही.
उरलेल्या चिऱ्यावर सध्या मी बसते
चप्पल झटकायला.