कुंपण सरकवताना

माती चार बोटं. तिच्याखाली चुनखडी.
जाळीसोबत आलेल्या खांबांचे खिळे
पहिल्याच दुपारी वाकले, अकरा.
आर्वेदमामा म्हणाला, हे खांब
कुठल्यातरी लोण्याच्या देशात बनवलेत.

सारेमा बेटावर काही रोवायचं
तर आधी दगडाला विचारावं लागतं.
आम्ही रोवायचंच सोडलं.

सामूहिक शेत मोडलं तेव्हाची
दुधाच्या कॅनची झाकणं माळ्यावर पडून होती.
ती उलटी मांडून त्यांत सिमेंट ओतलं,
ओलं असतानाच प्रत्येकात पाइपचा तुकडा उभा केला,
दोन दिवस कुत्र्याला बांधून ठेवलं
(तरी एका झाकणात पंजा आहे).
आता खांबांना पाय आहेत.
अठ्ठावीस पाय, आणि ते सगळे वाहायला
ती लाकडी घसरगाडी, जिच्यावरून आजोबा
गोठलेल्या खाडीतून मासे ओढून आणत.
उन्हात तिला अजून वास येतो.

यंत्र टक् म्हणतं. थांबतं. टक्.
पण मेंढ्यांना काही लागेना.
नुप्प, आमचा एडका, जाळीला नाक टेकवून
खुशाल रवंथ करत उभा.
गेलेली वीज परत यायला हवी, मामा म्हणाला,
खुरांतून, मातीतून, घरी.
आणि जुलैतला हा दगड
घेतलेलं काही परत देत नाही.

म्हणून मी तारेचं भेंडोळं उलगडत
जुनिपरच्या काट्यांतून किनाऱ्यापर्यंत गेले,
लव्हाळ्यात गुडघाभर उतरले
आणि तांब्याची कांब चिखलात दाबली.
गेली. नुसत्या तळहाताने.
उभ्या जन्मात या बेटावर
पहिल्यांदा काहीतरी सहज आत गेलं.
इथला समुद्र जेमतेम खारट,
पण तेवढा पुरला:
वरून मामाची शिवी ऐकू आली.
खिशात मीटर असताना त्याने
गवताच्या काडीने तपासलं होतं.

आता दर तिसऱ्या दिवशी.
यंत्र बंद. (एकदा विसरले.
खांद्यापर्यंत घोड्याची लाथ.)
पुढच्या पट्ट्यातलं तारेला शिवेल ते गवत
विळ्याने खाली, नाहीतर ओली पाती
वीज थेंबाथेंबाने पिऊन टाकतात.
मग एक बाजू उचल, पाय सरकव, दुसरी उचल.
घसरगाडी करकरली की तेवीस तोंडं वळतात.
गवत मूठभर उरलं की उठायचं,
मुळाला हाव कळायच्या आत.
कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला, म्हणतात.
आमचं खातं.
एक घास घेतं, पुढे सरकतं,
आणि मागे टाकलेल्या चौकोनात
शेणातले किडे शोधत टिटव्या उतरतात.

किनाऱ्यालगतच्या शेवटच्या पट्ट्यात
मामा पाय खाली ठेवताना थांबतो, दरवेळी.
तो सात वर्षांचा होता तेव्हा इथे वेगळी तार होती.
संध्याकाळी सैनिक वाळू विंचरून ठेवत,
सकाळी तिच्यावर पावलं शोधत.
स्वतःच्या होडीपर्यंत जायला
त्याच्या आईला शिक्क्याचा कागद लागे.
ती तार त्याने कधी हललेली पाहिली नाही.
आत चरायला कुणी नव्हतं,
म्हणून जुनिपर माजलं, कुरण बुजलं,
तेच आपण आता तोडतोय, असं म्हणतो
आणि मग, जणू मीच थांबले होते,
ओढ की गं हेल्वे.
ओढते.

काल संध्याकाळी पाहिलं तर यंत्राचा दिवा विझलेला.
बॅटरी कधी उतरली कोण जाणे,
सकाळी असेल, परवाही असेल.
मेंढ्या आत. सगळ्या. मोजल्या दोनदा.
नुप्प जाळीपासून हातभर लांब, पाठ करून.
आम्ही दोघं बाहेर उभे.
बंद आहे, मी म्हटलं.
बंदच आहे, मामा म्हणाला,
आणि हात लावून बघण्याऐवजी
खाली वाकून त्याने
गवताची एक लांबशी काडी तोडली.