सौम्य

गणेशपेठ डेपो, पहाटे पाच पस्तीस, उमरेड गाडी.
डिसेंबरात चिल्लर बर्फासारखी असते,
हे कंडक्टरला माहीत असतं,
त्यातही माझ्यासारख्या कंडक्टरला,
ज्याच्या डाव्या तर्जनीच्या नखाखाली
अकरा वर्षं कोणी तरी राहत होतं.

पाचाचं नाणं टेकलं की कळ कोपरापर्यंत.
मशीनचं बटण दाबताना ते बोट मी वर धरायचो.
मागून कोणी तरी म्हणायचं,
"आउट देल्ला का बाप्पा कोनाले?"

एक्स-रे साफ.
मानेची नस, म्हणाले एक.
दुसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या,
सासऱ्यांनी काळा दोरा.
कुंदा काही बोलली नाही, फक्त
अंघोळीचं पाणी कढत काढत राहिली.
मे महिन्यात सारं नागपूर कूलरपुढे,
मी गच्चीवर.
सेहेचाळीस डिग्रीत माझं बोट माणसात यायचं.

मेडिकलची स्किन ओपीडी, खोली नऊ.
ढेंगळे मॅडमनी फाइल उघडलीच नाही,
बोट उजेडात धरलं.
नखाखाली पुसट जांभळं काही,
मी ते शाईचं समजत होतो.
मग टाचणी घेतली, उलटी, डोक्याच्या बाजूनं.
इथे? नाही. इथे? नाही.
इथे
मी टेबलाला लाथ मारली.
रांगेतले लोक आत डोकावले.

मग दंडाला बीपीचा पट्टा, फसफस हवा.
हात पांढरा पडला.
पुन्हा टाचणी, तीच जागा.
काही नाही.
रक्त थांबलं तसं दुखणं थांबलं,
आणि मला रडू आलं, ते तेव्हा.
"डोक्यात नाही हो काका, नखातच आहे."

बोटाला ऊब राखायला
रक्तवाहिन्यांचं एक बारकं वेटोळं असतं म्हणे तिथे.
माझं वाढून बसलेलं. क्वचित कुणाचं वाढतं.
नख उचलून काढलं:
अर्ध्या मसुरीएवढं.
तपासाला पाठवण्याआधी बाटली हलवून दाखवली मला.
इतकंसं.
पुढे रिपोर्टखाली मॅडमनी मराठीत लिहून दिलं,
गाठ सौम्य.
कुंदाला मी तो शब्द दोनदा वाचायला लावला.

नख परत आलंय, मधोमध एक सरी.
काल पाचगावच्या पोरानं
गारेगार नाणं हातावर ठेवलं.
काही झालं नाही.
बोट तरी वर गेलंच.
"आउट का?"
सवय आहे, म्हटलं,
पुढे सरका, पुढे,
उमरेड, उमरेड.