अर्धेली

गदिन्याहून नर आला मंगळवारी,
थर्मोकोलच्या डब्यात, गरम पिशवीच्या कुशीत,
ओल्या कागदाच्या घडीत आठही पाय दुमडून.
सोबत झेनॉनची चिठ्ठी, चौकटीच्या वहीतलं पान:
"अर्धेलीनं देतोय. पिलं झाली तर निम्मी माझी.
नाही झाली तर काही नाही.
तिनं खाल्लं त्याला, तर कळव."

ओस्त्रावात त्या आठवड्यात उणे अकरा.
ट्राम डेपोतून रात्रपाळी करून आलेली मी,
बूट न काढताच डबा उघडला.

आई जिथे जर्दाळूचा मुरंबा ठेवायची
त्या फडताळात आता एकतीस डबे.
एकतीस टॅरंटुला, एकतीस बिऱ्हाडं,
कोणी कोणाचं तोंड पाहत नाही.
त्यातली निळी, नऊ वर्षांची.
मसुरीच्या डाळीएवढी होती तेव्हा घेतली,
एका महिन्याच्या भाड्याला.

(गेल्या वर्षी, बाजाराच्या मागे, उभ्या गाड्यांमध्ये
एकानं थर्मास उघडून दाखवला.
आत चहा नव्हता.
सहा जणी, थेट रानातून, एकीचा पाय तुटलेला.
"कागदपत्रं नाहीत, म्हणून स्वस्त."
मी नको म्हटलं.
म्हटलं खरं; पण घरी येईपर्यंत
त्या थर्मासचं झाकण डोक्यात फिरत होतं.)

कात टाकली की नवा जन्म, म्हणतात.
नराचं तसं नसतं.
शेवटची कात टाकून तो बाहेर येतो तो लांब पायांचा, सडपातळ,
खाण्यावरची वासना उडालेला,
आणि हातात मोजके महिने.

मी दोन्ही डब्यांची तोंडं जुळवली.
हातात चित्रकलेचा लांब ब्रश,
मध्ये पडायला.
बराच वेळ काही नाही.
मग त्यानं पुढचे पाय मातीवर आपटले,
टक टक टक, थांबून, टक टक,
आणि तिच्या बिळातून, तळघरातून आल्यासारखं
उत्तर आलं.

पुढच्या पायांच्या आकड्यांत तिचे सुळे अडकवून
त्यानं तिला उचललं, अलगद,
जड कपाटाचं दार बिजागरीवर तोलावं तसं.
मिनिटभर. जास्त नाही.
सोडून मागे सरकताना
एक पाय चुकला त्याचा.
ब्रश माझ्या हातातच राहिला.

झेनॉनला फोन केला. पलीकडे समुद्रपक्षी ओरडत होते.
सांगितलं. तो गप्प.
मला वाटलं, किंमत सांगेल.
म्हणाला, "आधी वाजवलं का त्यानं?"
"वाजवलं."
"आणि तिनं?"
"तिनंही."
"मग ठीक आहे," म्हणाला, आणि खोकला.

अडीच महिन्यांनी तिनं पुरचुंडी बांधली,
पांढरी, अक्रोडाएवढी, पोटाशी धरून बसली.
तिसाव्या दिवशी मी ती हिरावून घेतली.
दुसरा शब्द नाही त्याला.
रिकाम्या बिळात ती तीन रात्री चाचपत होती,
आणि मी नायलॉनच्या मोज्याच्या पाळण्यात
तिची अंडी दिवसातून चारदा वळवत होते.
डेपोत रजा मागताना कारण लिहिलं: घरगुती.

एकशे सतरा.
एकेका औषधाच्या कुपीत एकेक, झाकणाला सुईची भोकं.
एकशे सतराची निम्मी होत नाहीत.
एकोणसाठ पाठवली गदिन्याला, वरचं एक त्याला.
आठवड्यानं एक कुपी परत आली.
चौकटीचं पान: "हिशेब चुकला तुझा.
नर तुझ्या घरी मेला."

त्यावर काय लिहायचं ते सुचलं नाही,
अजून लिहिलेलं नाही.

ती कुपी वेगळी ठेवली. मग डबी, मग डबा.
तिसऱ्या वर्षी तो लांब पायांचा निघाला.
हल्ली रात्री फडताळातून येतं, टक टक,
थांबून, टक टक टक.
खालच्या मजल्यावरचे ह्लावाचेक म्हणतात,
पाइपात हवा अडकली असणार.
मी म्हटलं, असेल.