दोन बादल्या

लडलोच्या खाद्यदुकानात, ओटच्या पोत्यांमागे
एकाच फळीवर मॅग्नेशियम:
घोड्यांचं बादलीत, माणसांचं बाटलीत.

ग्वेनबाई चष्मा कपाळावर चढवून
लेबल डोळ्यांना चिकटवतात.
"ऑक्साइड स्वस्त. पण अंगी लागतं थोडंच,
बाकी सगळं मलाच फावड्यानं उचलावं लागतं."

सायट्रेटचा गुण मला ठाऊक आहे.
गेल्या महिन्यात वूस्टरच्या बसमध्ये कळला.
ग्लायसिनेट उरलं. त्याची किंमत वाचून
मी बाटली हळूच उलटी ठेवली.

त्यांची टॅन्सी उडत्या पिशवीला बुजते,
कधी नुसत्या सावलीला.
मी रात्री तीनला पोटरी धरून
मोरीच्या थंड फरशीवर उभा.
ती पाचशे किलो, मी एकसष्ट;
किलोमागे हिशेब केला
तर मीच महाग पडतो.

"आधी गवत तपासून घेते," त्या म्हणाल्या.
"कमीच नसेल तर ओतायचं कशाला?
तुझं रक्त तपासलंस का, दिगंबर?"
मी पोत्यावरची किंमत वाचू लागलो.

निघताना त्यांनी एप्सम मिठाचं पुडकं हातात कोंबलं.
"हे खायचं नाही हं. रविवारी ये."

रविवारी अंगणात दोन बादल्या, कोमट पाणी.
एकीत टॅन्सीचा सुजलेला डावा खूर,
दुसरीत माझे पाय, पँट गुडघ्यापर्यंत.
ती डोळे अर्धे मिटून गवत चघळत होती.

कुंपणावरून एक पिशवी फडफडत आली.

बादली मी सांडली.