लेबल उलटं लागलेली प्रत

शनिवारी दुकान पाचला बंद होतं,
भांडण साडेपाचला सुरू.

वूच शहर. वूच म्हणजे होडी,
नदी मात्र केव्हाच रस्त्याखाली गाडलेली.
जुन्या सूतगिरणीच्या मागच्या अंगणात
जिथे कापसाच्या गाठी उतरत
तिथे आता माझी खोकी:
वापरलेल्या तबकड्या, थोड्या नव्याही.

'धुराडं'चा अल्बम येऊन तीन आठवडे झालेत.
नऊ गाणी.
कायेतान म्हणतो, ही आवळ्याची मोट आहे,
कितीही आवळून बांधा, घरंगळणारच.
पहिली पाच एका बँडची,
उरलेली चार रस्त्यात सापडलेली.
आणि सातव्यात तो अकॉर्डियन कशाला?
लग्नाचा हॉल चुकलेल्या काकासारखा
सरळ आत येऊन बसलाय.

हाल्श्का कोट न काढताच बोलते.
दातांची डॉक्टर आहे, तिचा फटींशी रोजचा संबंध.
"फट पडली म्हणून दात
दुसऱ्याच्या तोंडातला होत नाही."
मग बोटांवर मोजून दाखवते,
प्रत्येक गाण्यात कुठे ना कुठे पाणी:
नळ, किटली, गाडलेली नदी, ओले मोजे.
"पाणी सूपमध्येही असतं," कायेतान म्हणतो.
बोगुमिल एकोणीस वर्षांचा,
त्याने सगळं फोनवर ऐकलंय, येईल त्या क्रमाने.
त्याला मुळात प्रश्नच कळत नाही,
तो बिस्किटं संपवतो.

खरं तर सगळ्यांना ठाऊक आहे
पाचव्या आणि सहाव्या गाण्याच्या मध्ये काय आहे.
तिथे ऑक्टोबर आहे.
ओझोर्कुफच्या रस्त्यावर आडवी झालेली व्हॅन आहे,
ओल्गिएर्द आहे.
पाचव्यापर्यंत ड्रमवर तो:
ठेका अर्ध्या श्वासाने मागे,
जिना उतरताना कुणासाठी तरी
पायरीवर थांबावं तसा.
सहाव्यापासून नवा मुलगा. अचूक. वेळेवर.
कव्हरवर यातलं एक अक्षर नाही,
आणि आम्हीही बोलतो ते
मिक्सिंगबद्दल, गिटारच्या आवाजाबद्दल,
अकॉर्डियनबद्दल.

ब्रोन्का ट्रॅम चालवते.
तीन शनिवार ती नुसती ऐकत होती.
आज म्हणाली, "मला तर सलग वाटला.
आधी तो पोरगा येतो, घाबरलेला,
घड्याळाकडे बघत वाजवतो.
मग अकॉर्डियन, जरा हसू येतं.
मग बाजू पालटायची.
आणि मग तो येतो,
आणि सगळे सैल होतात.
शेवटी काठी हातातून पडते
आणि मागे तो हसतो. संपलं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
काठी पडते ती पाचव्यात.
ब्रोन्काने पिशवीतून तिची प्रत काढली.
मी चष्मा लावून चर पाहिली, मग लेबल:
'अ' वर 'ब', 'ब' वर 'अ'.
कारखान्यातली चूक. मीच विकलेली.
तीन आठवडे, रात्रपाळीहून आल्यावर,
बूट काढायच्या आधी,
ती हीच लावत होती.

"पण मग तुझा क्रम चुकी–"
कायेतान तिथेच थांबला.
हाल्श्काने कोट काढला,
खुर्चीच्या पाठीवर टाकला,
पुन्हा उचलून घडी केली.
नियमाने मी बदलून द्यायला हवी होती.
तसं म्हणालोही.
"राहू दे," ती म्हणाली.

मग आम्ही तिचीच लावली, तिच्या क्रमाने.
बोगुमिलने पहिल्यांदाच
एक बाजू पुरती संपेपर्यंत वाट पाहिली.
मी उठून तबकडी उलटली.
अंगणात कुणीतरी सायकलीचं कुलूप काढत होतं,
आणि आत ठेका
अर्ध्या श्वासाने मागे.

काठी पडली. तो हसला.

बऱ्याच वेळाने कायेतान नाक ओढत म्हणाला,
"अकॉर्डियन मात्र
नकोच होता."