जडवस्तू नोंदवही

सुत्तोले आली. दोन पानी, कन्नडमध्ये,
खाली निळा शिक्का, अर्धाच उमटलेला.
मी अडखळत वाचली.
जनाक्का चुलीपासून म्हणाली,
काय म्हणूलाल्यात, बाई?
म्हटलं, अनुदान इल्ला.
अनुदान दोन्ही भाषांत एकच आहे,
'नाही' तेवढं वेगळं.

सोमवारपासून सात मुलं जांबोटीला.
दहा असती तर शाळा राहिली असती.
गावडेंचं घर गोव्याला गेलं तेव्हा
तीन पोरं गेली,
आणि त्यांच्यासोबत छप्पर, फळा, मी.
मी अतिथी शिक्षिका.
अतिथीला निदान पाणी तरी विचारतात;
माझं मानधन ऑगस्टपासून
खानापुरात कुठल्याशा टेबलावर बसलंय.

शनिवारी मोजायला बसले.
खुर्च्या तीन, एकीला पाठ नाही.
नकाशे दोन, देशाचा आणि राज्याचा.
दोन्हींत आपलं गाव नाही,
पण शेऱ्याच्या रकान्यात ते लिहीत नाहीत.
तराजू एक. वजनं नाहीत.
डाळ जनाक्का मुठीनं घालायची,
आणि महिनाअखेरीला
तिची मूठ लहान व्हायची. ते मला दिसायचं.
मी पाढे मोठ्यानं म्हणवून घ्यायचे.

विज्ञानपेटी एक. सीलबंद.
चौदा वर्षं सीलबंद.
फुटलं तर पगारातून कापतील, म्हणून
एकेका मास्तरनं ती पुढच्याच्या ताब्यात दिली,
सही घेऊन.
माझा पगारच नाही, कापणार कशातून?
मी सील तोडलं.

भागूनं भिंग घेतलं आणि ती मुंगीपाशी गेली.
मग संतू, मग धाकटा परश्या.
बाई, हिला केस हाईत!
बाई, माझ्या बोटावर रस्तं हाईत!
जेवणाची सुट्टी झाली, कुणी उठलं नाही.
जनाक्काही आली हात पुसत,
तिनं भिंगातून तांदळाचा दाणा पाहिला,
काही बोलली नाही.
मी लिहिलं: भिंग एक, वापरलेलं.

घंटा सापडली नाही नोंदवहीत.
मागची सगळी पानं चाळली.
आंब्याला टांगलेला तो रुळाचा तुकडा
लोंढ्याहून कुणीतरी खांद्यावर आणलेला,
कुठल्याच वर्षी, कुठल्याच पैशातून
विकत न घेतलेला.
जे आलंच नाही कागदावर
ते जमा कसं करायचं?
साहेब म्हणाले, राहू दे, सोडा.

म्हणून ती आहे तिथंच आहे.
जनाक्का अजून दहाला टोला देते,
सवय म्हणून, की गुरं सोडायला, ठाऊक नाही.
जांबोटीची गाडी सव्वाआठला जाते,
गेल्या महिन्यापासून
एक दिवसाआड.