काळी चार

सावळाराम आरोलकर गेला तेव्हा
दशावताराचा हंगाम बंद होता.
पेटारे माळ्यावर, मुकुट जुन्या लुगड्यात गुंडाळलेले,
माझ्या पेटीच्या भात्यावर बुरशी.
मोचेमाडच्या खाडीला भरती होती, म्हणून
लाकडं वरच्या अंगाला रचावी लागली.
कोणीतरी म्हणालं, एखादा अभंग म्हणा.
कोणाला म्हणता येईना.
म्हणणारा तिथे आडवा झाला होता.

दिवसा तो तरीवर असायचा.
सुटे पैसे मोजतानाही बोलायचा नाही, गळा राखायचा.
गाबतिणी पाट्या उतरवताना मुद्दाम भांडण काढायच्या,
एक शब्द तरी मोठ्यानं निघावा म्हणून.
तो हसायचा आणि वल्हं मारायचा.

रात्री तोच नळ, तोच हरिश्चंद्र,
एकदा ऐन वेळी तारामतीसुद्धा, मिशी उतरवून.
रेडीच्या जत्रेत, दोन वाजून गेल्यावर,
मसणातलं पद सुरू झालं की
खाजं विकणारी शेवंता तराजू खाली ठेवायची.
"आता कोण मागा नको. रोहिदास मेलो हा."
दर वर्षी रोहिदास मरायचा,
दर वर्षी तिचं पायलीभर खाजं उरायचं.

तेव्हा तो काळी चारात गायचा.
वरचा षड्ज असा लागायचा की
देवळामागच्या माडावरचं वटवाघूळ उठून जाई
(हे मी पाहिलंय. नाहीतर लोकं काय, काहीही सांगतात).

मग एका कार्तिकात, केळूसला,
त्या षड्जाच्या आधी
त्याची बोटं कमरेच्या शेल्यात रुतलेली मला दिसली.
दुसऱ्या रात्री मी न विचारता
पांढरी पाच धरली.
पहिल्याच आलापात तो थबकला, पापणीएवढा.
माझ्याकडे पाहिलं नाही.
राजानं पेटीवाल्याकडे पाहायचं नसतं.
पहाटे खोबरेल लावून रंग पुसताना
त्यानं आपला अर्धा चहा माझ्याकडे सरकवला.
बस्स, एवढंच.

पुढची एकोणीस वर्षं
मी पट्टी पट्टी खाली उतरत गेलो,
काळी तीन, पांढरी चार, काळी दोन,
तो माझ्या मागोमाग, अंधारात जिना उतरावा तसा,
आणि गावोगाव माणसं म्हणत राहिली,
"सावळारामाचो आवाज अजून तसोच आसा."

परवा चहावाल्या बाबल्याच्या पोरानं एक टेप आणून दिली.
आधी नुसता जनरेटर.
मग कुणाचं तरी रडणारं मूल,
मग हरवलेल्या चपलेची जाहीर चौकशी,
मग तो. काळी चारातला.
आणि पदाच्या तिसऱ्या ओळीला माझी चूक,
भलत्याच सुरावर पडलेलं बोट.
मी विसरलो होतो.
टेपमध्ये तो तो आकार तसाच धरून उभा आहे,
मी चाचपडतोय, तो धरून आहे,
मी अजून चाचपडतोय.
लोक टाळ्या वाजवतात. काय दमसास, म्हणतात.
त्याला दमसास म्हणायचं तर म्हणा.
तो माझ्यासाठी थांबला होता.

मी ते तेवढंच तीनदा ऐकलं.
चौथ्यांदा टेप गुंडाळली गेली, मशीन बंद पडलं.

यंदाही जत्रा आहे, नवा हरिश्चंद्र आहे.
तुळसचा मुलगा, बावीस वर्षांचा, गळा चांगला.
खोटं कशाला बोलू. फक्त घाई करतो,
रोहिदासाला धड मरूही देत नाही.
काल पदाच्या वेळी शेवंताच्या सुनेनं
दोघांना खाजं तोलून दिलं, मी बघत होतो.

आज बाकड्याशेजारी पेटी मांडली.
भाता ओढला.
भाता जुना, कुठूनतरी गळतो.
पट्टी दाबायच्या आधीच एक श्वास ऐकू येतो,
कोणीतरी पदाला उभं राहिल्यासारखा.
मुलगा कानाशी वाकला,
"आजानू, सूर देतास मां?"

रव जरा, म्हटलं.
रव.